काळ्या हिरड्या

२९ नोव्हेंबर २०२४, मलकापूर

नव्या घरातलं पहिलं पान.

गाडी मलकापूरला जेमतेम थांबते आणि आमच्याबरोबर सामान केवढं! रुखवताचे डबे, दोन सुटकेसा, माझी रंगांची पेटी आणि चित्र ठेवायचं ते अवजड इझल. आल्हादने इझल स्वतःच्या खांद्यावर घेतलं. हमालाने हे काय म्हणून विचारलं, तर बायको चित्रकार आहे म्हणाला. नाशिकच्या शाळेत मी पोरांना आंबा आणि घागर काढायला शिकवायचे, तेवढीच माझी चित्रकला. पण ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

घर कॉलनीत आहे, दुमजली. वर आमच्या दोन खोल्या आणि गच्ची. खाली सासूबाई, थोरले दीर गोकुळदादा आणि जाऊ पुष्पांजली. शेती वडनेर भोलजीला आहे, ती दादा बघतात. आल्हादचं बाजारात मेडिकलचं दुकान. कापसाचे दिवस आहेत. भरलेल्या ट्रॉल्या जिनिंग मिलकडे जातात आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकून राहतात. हिरवट राखाडीवर पांढरा. एकदा रंगवायला हवं.

इथली भाषा कानाला अजून नवी आहे. सासूबाईंनी जेवून राह्यली का विचारलं, तर मी म्हटलं, इथेच राहीन ना, कुठे जाणार. सगळे इतके हसले की पुष्पाताईंना ठसका लागला. त्या मला आवडल्या. खाली जाताना माझ्या केसातला सुटलेला गजरा त्यांनी न सांगता नीट केला.

चौतिसाव्या वर्षी लग्न झालं म्हणून मनात धाकधूक होती. हे स्थळ माझ्या थोरल्या बहिणीने, शरयूताईने शोधलं. आई गेल्यापासून माझ्यासाठी सगळं तीच करते. आज फोनवर तिला सांगितलं की तू बरोबर होतीस.

३ डिसेंबर

हे लिहावं की नाही कळत नाही, पण रोजनिशीशी लाजून काय करायचं.

मला जवळिकीची भीती वाटते. भीती हा शब्दही बरोबर नाही. मनात काही हलतच नाही. वाटलं होतं की आल्हादला राग येईल. तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मले काही घाई नाही. तुझ्या मनात आपसूक येऊ दे."

असं म्हणणारा माणूस मिळतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मी थोडी रडले. त्याने रुमाल दिला आणि दुकानात एक गिऱ्हाईक कफ सिरप म्हणून शाम्पू कसा मागत होतं ते सांगून हसवलं.

१२ डिसेंबर

मी फार थकलेली दिसते असं आल्हादला वाटत होतं. परवा दुकानातल्या ओळखीच्या लॅबवाल्याला घरी बोलावून रक्त घेतलं. आज तो म्हणाला की बी-ट्वेल्व्ह आणि डी दोन्ही फार कमी आहेत, इंजेक्शनांचा कोर्स करावा लागेल. दवाखान्यात कशाला, घरीच देतो म्हणाला. औषधवाला नवरा असण्याचा हा फायदा.

छोटीशी कुपी. तळाशी पांढरी भुकटी, त्यात पाणी सोडायचं, हलवायची नाही, हळूच फिरवायची. ती फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीमागे असते. सुई मधुमेहाच्या इंजेक्शनासारखी बारीक आणि पोटावर घ्यायची. मला सुईची भीती, म्हणून पुष्पाताई माझा हात धरून बसल्या. कापसाने जागा पुसली त्यांनीच. पुसताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनाही सुई बघवत नसावी.

नंतर मळमळलं, तोंड गरम झालं, कानांच्या पाळ्या लालबुंद. व्हिटॅमिनने सुरुवातीला असं होतं, असं आल्हादने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घाबरले नाही.

२४ डिसेंबर

काय लिहू!

दिवेलागणीला तो दुकानातून चहाला येतो. गेटचा आवाज झाला की मी आता जिन्यात जाऊन उभी राहते. मी! शाळेत पोरी मला पाठीमागे काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं. बर्फाची लादी. त्या पोरींनी आता बघावं.

सगळं तपशिलात लिहिणार नाही. एवढंच लिहिते की भीती गेली. आणि तो कधीही, एकदाही, मागे लागला नाही. माझ्या मनात आलं तेव्हाच. माझं मन इतकी वर्षं कुठे दडून बसलं होतं आणि या माणसाच्या चांगुलपणानं बाहेर आलं, असं वाटतं. गच्चीवर बसून त्याचं चित्र काढलं. हात जमला नाही, डोळे जमले.

मळमळ मात्र आहेच. दोनदा उलटी झाली. सासूबाईंना भलतीच आशा लागली. "काऊन वो, काही गोड खबर हाय का?" असं विचारून स्वतःच लाजल्या. मी इंजेक्शनमुळे होतंय असं सांगितलं, तर त्या उठून देवघरात गेल्या.

१८ जानेवारी २०२५

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. हलव्याचे दागिने घालून मला मधोमध बसवलं. कॉलनीतल्या बायका आल्या, बऱ्याचशा माझ्याच वयाच्या, काही लहान. वाण म्हणून मी स्वतः रंगवलेल्या पणत्या दिल्या.

उखाणा घेताना मी अडखळले आणि सगळ्या एकदम हसल्या. तेव्हा एक गोष्ट दिसली. समोर बसलेल्या तिघी-चौघींच्या हिरड्या काळ्या होत्या. डाग पडल्यासारख्या नव्हे. दातांच्या मुळाशी कुणी ब्रशने जांभळट काळी रेघ ओढावी तशा. पुष्पाताईंच्याही. त्या हसताना पदर तोंडाशी धरतात तो याचसाठी, हे तेव्हा लक्षात आलं.

मिश्री लावत असतील. खेड्यापाड्यातून लावतात बायका. पण सासूबाई लहानपणापासून मिश्रीवर वाढलेल्या, हे त्या स्वतःच सांगतात, आणि त्यांच्या हिरड्या मात्र गुलाबी आहेत.

असो. रंगाच्या मास्तरणीला नको तिथे रंग दिसतात.

२ फेब्रुवारी

बऱ्याच दिवसांनी लिहिते. डोकं सारखं दुखतं. इंजेक्शन पूर्वी अधूनमधून होतं, आता जवळजवळ रोज. आल्हाद म्हणतो कोर्स वाढवावा लागला.

स्वतःचं चित्र काढायला घेतलं. आरसा समोर ठेवून गालाचा रंग कालवला आणि तो जुळेना. नेहमीच्या मिश्रणात तपकिरी घालावा लागला, मग आणखी तपकिरी. कपाळावर आणि वरच्या ओठावर सावली पडल्यासारखे पट्टे आहेत. मानेवरचा तीळ होता त्याहून गडद झालाय. छातीवर, जिथे ऊन कधी लागलेलं नाही, तिथेही तसेच पट्टे.

आल्हादला दाखवलं. वऱ्हाडाचं ऊन असंच असतं म्हणाला. मी म्हटलं, फेब्रुवारीत? तर तो हसला आणि माझ्या कपाळावर ओठ टेकले. मला पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही. नंतर आठवलं की विचारायचं होतं.

६ फेब्रुवारी

सकाळी दात घासताना ओठ वर उचलून पाहिला.

मी मिश्री लावत नाही. मी आयुष्यात कधी मिश्री लावलेली नाही.

११ फेब्रुवारी

खामगावला जाऊन आले. घरी सांगितलं की चांदीचं निरांजन बघायला जाते, आणि पुष्पाताईंनी माझी बाजू घेतली म्हणून एकटीला जाऊ दिलं.

त्वचेच्या बाईडॉक्टर. त्यांनी आधी हात पाहिले, मग चेहरा, मग हिरड्या. हिरड्या पाहून थांबल्या. गोरेपणाची किंवा सावळेपणाची कसली इंजेक्शनं घेता का, असं विचारलं. मी म्हटलं, फक्त बी-ट्वेल्व्ह. पोटावर? बारीक सुईने? त्यांनी पेन खाली ठेवलं. कुपीचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, शरयूताईला पाठवला होता तो. त्यावरची अक्षरं आणि आकडे त्यांनी मोठे करून वाचले.

मग खुर्ची माझ्याजवळ घेतली. लग्न कधी झालं ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी फार सांभाळून सांगितलं. हे व्हिटॅमिन नाही. पेप्टाइड प्रकारातलं औषध आहे. ज्या बायकांना शरीरसंबंधाची इच्छा होत नाही आणि त्याचा त्यांना स्वतःला त्रास होतो, त्यांच्यासाठी बाहेरच्या देशांत वापरतात, डॉक्टरच्या देखरेखीखाली, कधीमधी. रोज नव्हे. ही कुपी तर कुठल्या कारखान्यातली तेही कळत नाही. मळमळ, डोकेदुखी, तोंड लाल होणं त्यानेच. रक्तदाब वाढतो, माझा वाढलेलाच निघाला. रोज घेतलं की कातडी आणि हिरड्या काळवंडतात. औषध थांबवलं तर रंग जाईल का, असं मी विचारलं. कुणाचा जातो, कुणाचा राहतो, म्हणाल्या.

रंगाबद्दल मी का विचारलं कळत नाही. मला दुसरंच विचारायचं होतं. ते विचारता आलं नाही.

बसमध्ये बसून आठवत राहिले. जिन्यातलं उभं राहणं. त्याचं चित्र. गेटचा आवाज. त्यातलं माझं काय होतं?

१२ फेब्रुवारी

विचारलं.

मला वाटलं होतं तो नाकारेल, चिडेल. त्याने कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "तू खूश नव्हती का?"

मी खूश होते. इथेच, या पानांत लिहून ठेवलंय.

तो म्हणाला की त्याने माझ्यावर कधी जबरदस्ती केली नाही. हे तो अगदी मनापासून बोलत होता. आवाजात दुखावल्यासारखं होतं. कॉलनीतले किती नवरे दुकानात येऊन हेच मागतात, आणि कुणाची बायको तक्रार करत नाही, असंही म्हणाला. जाताना कप उचलून स्वतः मोरीत ठेवला.

घाई नाही म्हणाला होता. घाई खरंच नव्हती त्याला. कशाला असेल.

१३ फेब्रुवारी

शरयूताईला फोन केला. सगळं बोलून टाकलं, रडत, मधेच थांबत.

मग ती म्हणाली की तिला ठाऊक होतं. आल्हादने लग्नानंतर आठवड्याभरातच तिला फोन केला होता. रेवती थंड आहे, असंच चाललं तर पुढे कसं होणार, एक औषध आहे, देऊ का, असं त्याने विचारलं. मला न सांगता द्यायचं हेही तिला ठाऊक होतं.

"मीच हो म्हटलं. तुझं घर टिकावं, एवढंच मला हवं होतं."

आई गेली तेव्हा माझी वेणी घालून शाळेत पाठवणारी ही. कुपीचा फोटो मी तिलाच पाठवला होता आणि तिने खाली लिहिलं होतं, घेत जा वेळेवर.

फोन ठेवून मी गच्चीवर गेले. खाली ट्रॉल्या जात होत्या. तिला पुन्हा फोन लावण्यासारखं काही उरलं नाही.

१६ फेब्रुवारी

तीन दिवस इंजेक्शन घेतलं नाही. त्याने आग्रह केला नाही.

आज तो जेवत असताना त्याच्याकडे बघत बसले. हात, कानाजवळचा केस, पाणी पिताना हलणारा कंठ. काहीच नाही. एखाद्या दुकानदाराकडे बघावं तसं. त्याने वर पाहिलं आणि त्याला कळलं. ताटात हात धुऊन उठला.

दुपारी सासूबाई वर आल्या. माझ्या पायाशी बसल्या. पोरगा तुह्यासाठीच तं करून राह्यला, म्हणाल्या. माझा मोबाईल घेऊन गेल्या, दुरुस्तीला द्यायचाय म्हणून. त्यात काही बिघडलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

पुष्पाताई कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या तेव्हा सांगितलं. विचारलं, तुम्हालाही?

त्यांनी पदर बाजूला केला आणि ओठ उचलून दाखवला. जिभेच्या कडेलाही आहे. लग्नातला फोटो दाखवला त्यांनी पदराआडून मोबाईलवर. गव्हाळ, टवटवीत मुलगी. मी ओळखलं नाही.

"पयले मलेबी माहीत नव्हतं. मंग माहीत झालं. मंग सवय झाली," म्हणाल्या. मग चिमटे लावत, माझ्याकडे न बघता, "तुले सांगाव वाटे. पण सांगतलं असतं तं मी पुन्हा एकटीच राह्यली असती."

म्हणून हात धरायच्या. म्हणून खिडकीबाहेर बघायच्या.

राग आला. पण या घरात खरं बोललेलं एवढंच एक माणूस. मी म्हटलं, माझ्याबरोबर चला. नाशिकला मी ज्या वसतिगृहात राहायचे तिथल्या बाई ठेवून घेतील आपल्याला. त्यांनी बराच वेळ ओल्या चादरीचं टोक पिळलं. मग हो म्हणाल्या. सोमवारी दादा वडनेरला असतात, आल्हाद दुकानात, सासूबाई मंदिरात.

२१ फेब्रुवारी

जिन्याचं दार खालून लावून घेतात आता. चोऱ्या वाढल्यात म्हणे.

डोकेदुखी कमी. डोकं स्वच्छ — भयंकर स्वच्छ. सगळं आठवतं. ज्या संध्याकाळी मला वाटलं मी त्याला निवडलं —

नको.

२२ फेब्रुवारी

पुष्पाताईंचं म्हणणं, एकदा इंजेक्शन घे. नाहीतर दार उघडणार नाही कुणी. घरच्यांना संशय आहे. आज घे, उद्या घे, सोमवारी सकाळी घे, मग बघ कसे निवांत होतात.

बरोबर आहे. पटतं.

पटतं, पण हात पुढे होत नाही.

२३ फेब्रुवारी

घेतलं. कालही.

दार उघडं. सासूबाई हसल्या. त्याने येताना गजरा आणला — आणि मी जिन्यात — मी ठरवून नाही गेले. पाय गेले.

मला माहीत आहे हे काय आहे. नाव माहीत आहे, कुपी माहीत आहे. माहीत असून काही फरक पडत नाही. हेच सगळ्यांत —

२४ फेब्रुवारी, स्टेशन

निघालो! दिवसाढवळ्या, भाजीच्या पिशव्या हातात घेऊन. कुणी अडवलं नाही. सकाळचं इंजेक्शन मी स्वतःहून पुढे होऊन घेतलं, तो खूश होऊन दुकानात गेला.

फलाटावर बाकावर बसलोय. गाडी येईपर्यंत लिहिते. माझी बॅग पुष्पाताईंच्या मांडीवर आहे, तिकिटंही त्यांच्याकडेच. तोंड तापलंय. उतरेल. गाडीत बसलं की उतरेल.

गाडीची घोषणा झाली. पुष्पाताई रुळांकडे बघत नाहीत. पुलाच्या जिन्याकडे बघतायत. विचारलं, कुणाची वाट बघता? पदर तोंडाशी धरला त्यांनी.

मघाशी त्यांनी त्यांचा मोबाईल बरोबर नेला होता. पाणी आणायला गेल्या तेव्हा —

गाडी दिसते आहे.

जिन्यावर तो. सावकाश उतरतोय. घाई नाहीच त्याला. हातात दुकानातली बर्फाची छोटी पेटी, कुप्या थंड ठेवायची. पुष्पाताईंनी माझं डावं मनगट धरलंय — तसंच, सुईच्या वेळी धरतात तसं. रडतायत. सोडत मात्र नाहीत. म्हणतात, माफ कर वो, मले त्या सुईशिवाय आता —

मी जोरात हिसडा दिला तर सुटेल मनगट. तेवढी ताकद आहे. बॅग राहू दे. गाडीचा डबा समोरच थांबलाय, दार उघडं आहे, पायरी दिसते.

तो हसला माझ्याकडे बघून. कान गरम झाले. गाल.

हे माझं नाही. हे माझं नाही, हे सकाळचं —

शिट्टी झाली. फक्त उठायचं आहे. पाय, उठा. मी उठते आहे. मी त्या दाराकडे — नाही, मी दाराकडेच जाते आहे ना? तो कुठल्या बाजूला —